गाडी खाली आली, रस्ता कधी वर येणार?

टोरांटोच्या नव्या ट्रामच्या दुसऱ्या दाराशी व्हीलचेअरचं चिन्ह असलेलं एक निळं बटण आहे. ते दाबलं की चालकाला रॅम्प हवा असल्याचं कळतं आणि दाराच्या उंबऱ्याखालून रॅम्प बाहेर सरकतो. थांब्यावर उंच फलाट असेल, तर आखूड पट्टी पुरते. फट बुजते आणि व्हीलचेअर सरळ आत जाते. फलाट नसेल, तर रॅम्प पूर्ण लांबीचा उलगडून थेट डांबरावर टेकवावा लागतो. तेव्हा चढणारा माणूस मोटारींच्या लेनमध्ये उभा असतो. पाठीमागे गाड्या खोळंबलेल्या, हिवाळ्यात चाकाखाली मीठमिश्रित बर्फाचा चिखल, आणि पुढ्यात चढ. दार तेच आणि गाडीही तीच. फरक आहे तो फक्त दाराबाहेरच्या दोन मीटर जमिनीचा.

शहराने गाड्यांवर पैसा खर्च केला तो योग्यच केला, असं आम्ही ठामपणे म्हणतो. पण सुगम, म्हणजे व्हीलचेअरलाही सहज चढता येईल अशा, ट्रामची खरेदी म्हणजे गाडी अधिक थांबा. या दोन गोष्टी वेगवेगळ्या अंदाजपत्रकांत, वेगवेगळ्या खात्यांकडे आणि वेगवेगळ्या दशकांत टाकल्या की गाडी सुगम होते, प्रवास होत नाही. टोरांटोत नेमकं हेच झालंय.

आधी खरेदीविषयी. टोरांटोची ट्राम खरं तर केव्हाच इतिहासजमा व्हायची होती. मुंबईत शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. त्याच सुमारास टोरांटोनेही ट्राम टप्प्याटप्प्याने काढून टाकायचं ठरवलं होतं. नागरिकांनी चळवळ केली आणि नोव्हेंबर १९७२ मध्ये तिथल्या परिवहन मंडळाने, म्हणजे टीटीसीने, हा निर्णय फिरवला. मग नव्या गाड्या बांधल्या गेल्या. १५ मीटर लांबीच्या १९६ गाड्या १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून आणि २३ मीटरच्या ५२ जोडगाड्या १९८० च्या दशकात आल्या. ट्राम वाचली, पण या सगळ्या गाड्यांना उंच पायऱ्या होत्या. ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत, त्याच्यासाठी ही गाडी नाहीच, हे ड्रॉइंग बोर्डवरच ठरून गेलं. त्यातली शेवटची गाडी २९ डिसेंबर २०१९ ला निवृत्त झाली. ट्राम तीस-चाळीस वर्षं चालते, म्हणून खरेदीच्या वेळी केलेली एक चूक दोन पिढ्या भोगतात. आजच्या कुठल्याही निविदेकडे याच नजरेने पाहायला हवं.

जून २००९ मध्ये बंबार्डियर कंपनीला २०४ सपाट-तळ, म्हणजे दारात पायऱ्या नसलेल्या, गाड्यांची ऑर्डर गेली. नुसत्या गाड्यांचं कंत्राट सुमारे ८५ कोटी कॅनेडियन डॉलरचं होतं. प्रांत सरकारने एकूण खर्चाचा एक तृतीयांश उचलला. केंद्राकडे मागितलेला वाटा मिळाला नाही. केंद्राचा तो निधी दोन वर्षांत खर्चून संपवायचा होता आणि गाड्या दहा वर्षांत यायच्या होत्या. शेवटी तो भार शहराने स्वतःवर घेतला. हा निर्णय सोपा नव्हता आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

बाजारात तयार सपाट-तळ ट्राम मिळत असताना टोरांटोसाठी वेगळी गाडी बनवून घेण्याचा एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न तेव्हा वारंवार विचारला गेला. उत्तर रुळांमध्ये आहे. जगात बहुतेक ठिकाणी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १,४३५ मिलिमीटर असतं, टोरांटोत ते १,४९५ आहे. वळणाची त्रिज्या काही चौकांत जेमतेम ११ मीटर आहे. चढ ८ टक्क्यांपर्यंत जातात, आणि बंद पडलेली गाडी त्या चढावरून दुसऱ्या गाडीला हलवता यायला हवी. या सगळ्याहून अवघड तिथले सांधे, म्हणजे एका रुळाला दुसरी वाट फुटते त्या जागा. साधारणपणे सांध्यात दोन्ही रुळांना सरकती जीभ असते आणि दोन्ही बाजूंची चाकं वळवली जातात. टोरांटोत जीभ एकाच बाजूला आहे. त्या बाजूचं चाक वळतं आणि आसाच्या दुसऱ्या टोकाचं चाक त्याच्यामागे ओढलं जातं. जुन्या गाडीची बोगी, म्हणजे डबा नव्हे तर चाकांची चौकट, उंच तळाखाली मधल्या खिळीवर मोकळी फिरत असे, म्हणून हे खपून जायचं. सपाट-तळ गाडीत बोगीच्या डोक्यावर लगेच प्रवाशांची जमीन येते आणि बोगीला फिरायला जागाच उरत नाही. म्हणून सगळी गाडीच लहान तुकड्यांत कापून तुकड्यांमधल्या जोडांवर वळवतात. टोरांटोची गाडी ३० मीटर लांब असून पाच तुकड्यांची आहे. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या तुकड्याखाली बोगी आहे, दुसरा आणि चौथा मधल्यामध्ये लोंबतात. पहिल्या फेरीतली बंबार्डियरची निविदा टीटीसीने २००८ मध्ये नाकारली ती यामुळेच. कंपनीच्या तेव्हाच्या आराखड्यातली गाडी इथल्या रुळांवरून घसरेल, असं टीटीसीचं म्हणणं होतं. कंपनीला ते मान्य नव्हतं. पण पुन्हा निविदा काढून गाडी रुळांना जुळवून घेतली गेली, ते बरं झालं.

सत्तर टक्के सपाट आणि टोकांना पायऱ्या, अशी तडजोडीची गाडी स्वस्त आणि कमी कटकटीची पडते. त्या गाडीची बाजू घेणारे आजही आहेत. आमचा तिला विरोध आहे, आणि तो भावनेपोटी नाही. अशा गाडीत ज्यांना पायऱ्या जमत नाहीत ते सगळे मधल्या भागात साठतात. व्हीलचेअर, वॉकर, बाबागाडी, सामानाची ट्रॉली, गुडघे दुखणारी माणसं, सगळी तिथेच. आणि उभ्याने जाणारे धडधाकट प्रवासीही पायऱ्या टाळून तिथेच थांबतात. टोकांच्या सीटा रिकाम्या राहतात आणि मधलं दार तुंबतं. गर्दीच्या वेळी त्या दाराने व्हीलचेअर आत घेणं कागदावरच शक्य असतं. पूर्ण सपाट गाडीत चारही दारं सारखी असतात. लोक पांगतात, चढउतार लवकर होते आणि थांब्यावरचा वेळ वाचतो. म्हणजे सुगमतेसाठी केलेला खर्च वेळापत्रकालाही फायदा देऊन जातो.

आता रॅम्पचं गणित, कारण सगळं घोडं इथेच अडतं. सपाट-तळ ट्रामचा उंबरा रुळापासून साधारण ३० ते ३५ सेंटिमीटर वर असतो. हिशेबासाठी ३५ धरू. थांब्याचा फलाट १५ सेंटिमीटर उंच असेल, तर फरक २० चा. १ ला ६, म्हणजे एक सेंटिमीटर वर जायला सहा सेंटिमीटर लांबी, या चढाने त्याला १.२ मीटरचा रॅम्प पुरतो. फलाट नसेल, तर त्याच चढाला २.१ मीटर लागतात. आणि १ ला १२, म्हणजे इमारतींच्या रॅम्पला योग्य मानला जाणारा सौम्य चढ, रस्त्यावरून द्यायचा झाला तर रॅम्प ४.२ मीटर लांब होईल. रहदारीची आख्खी लेनसुद्धा सव्वातीन मीटरच्या आसपास असते. त्यात रस्ता पाणी वाहून जावं म्हणून मध्यावर उंच आणि कडेला उतरता असतो, आणि रूळ असतात मध्यावर. दोन टक्क्यांचा उतार धरला तरी तीन मीटरमध्ये रस्ता सहा सेंटिमीटर खाली जातो. हाताने चाकं फिरवणाऱ्याला १ ला ६ चा चढ एकट्याने चढणं फार कठीण आहे. टोरांटोत मूळ आराखड्यातला रॅम्प फार उभा आहे, हे अपंग प्रवाशांनी नमुना गाडी पाहून सांगितलं आणि सुधारणा करावी लागली. तेव्हा वेळ गेला म्हणून कुरकुर झाली. खरं तर कंत्राटावर सही होण्याआधीच लाकडी का होईना, दाराचा एक पूर्णाकृती नमुना उभा करून व्हीलचेअर, स्कूटर, पांढरी काठी वापरणाऱ्यांना त्यावर चढउतार करायला लावलं असतं, तर तो वेळ गेलाच नसता. पुढच्या खरेदीत ही अट निविदेच्या पहिल्या पानावर हवी.

सही झाल्यावर जे झालं ते टोरांटोकर विसरलेले नाहीत. पहिल्या गाड्या ३१ ऑगस्ट २०१४ ला स्पाडाइना मार्गावर आल्या. त्यानंतर गाड्यांचा ओघ आटला. मेक्सिकोतल्या सहागुन कारखान्यातून आलेले सांगाड्याचे भाग टोरांटोच्याच ऑन्टारियो प्रांतातल्या थंडर बेच्या जुळणी कारखान्यात नीट बसेनात. काटकोनात नसलेला सांगाडा पुढच्या प्रत्येक टप्प्यावर त्रास देतो, दारं घासतात, पॅनेलं बसत नाहीत, एक दुरुस्त करावं तर दुसरं सुटतं. २०१५ संपेपर्यंत ७० हून अधिक गाड्या अपेक्षित होत्या, हाती आल्या त्याच्या पावपटीहून कमी. पुढे किंगस्टनला जुळणीची दुसरी फळी सुरू केल्यावर वेग आला. २०१८ मध्ये वेल्डिंगमधला दोष उघड झाला आणि आधी दिलेल्या ६७ गाड्या एकेक करून क्वेबेकमधल्या ला पोकाटियेरला परत पाठवाव्या लागल्या. प्रत्येकीच्या दुरुस्तीला सुमारे १९ आठवडे लागणार होते. अखेरची, २०४ वी गाडी जानेवारी २०२० मध्ये आली.

या दिरंगाईचा हिशेब डॉलरमध्ये मांडला जातो, नुकसानभरपाईचे आकडे छापून येतात. तो हिशेब अपुरा आहे. नवी गाडी आली नाही त्या प्रत्येक महिन्यात त्या मार्गावर पायऱ्यांचीच गाडी धावत होती. त्याही गाड्या थकलेल्या. कडाक्याच्या थंडीत त्यांच्या हवेच्या नळ्यांत ओल गोठायची, दारं आणि ब्रेक नीट चालायचे नाहीत, आणि डझनावारी गाड्या सकाळी डेपोतून बाहेरच पडायच्या नाहीत. दंडाच्या कलमातून गाडी तयार होत नाही. कंत्राटात दंडापेक्षा दुसऱ्या तरतुदी जास्त उपयोगी पडतात. पहिल्या दोन-तीन गाड्या पूर्ण वर्षभर, एक हिवाळा धरून, चालवून पाहिल्याशिवाय पुढचं उत्पादन सुरू करायचं नाही. सांगाडा जिथे वेल्ड होतो तिथे खरेदीदाराचा तपासनीस रोज हजर हवा, जुळणीच्या कारखान्यात बसून काही कळत नाही. पैसे सुट्या भागांवर द्यायचे नाहीत, धावत्या गाडीवर द्यायचे.

गाडीमागून येणारा आणखी एक खर्च असतो, ज्याचा जाहीर चर्चेत कुणी उल्लेख करत नाही. सपाट-तळ गाडीत यंत्रं तळाखाली मावत नाहीत, ती छपरावर जातात. त्यामुळे जुन्या डेपोतले खड्डे, ज्यांत उतरून खालून काम व्हायचं, पुरेनासे होतात आणि छपराच्या उंचीवर कामाचे मचाण व क्रेन लागतात. ३० मीटरची गाडी जुन्या शेडमध्ये मावत नाही ती वेगळीच. त्यासाठी लेस्ली स्ट्रीटजवळ १०० गाड्यांचा नवा डेपो बांधावा लागला. वातानुकूलित, मोठी गाडी वीज जास्त ओढते, तेव्हा तारेतून वीज घेणारी छपरावरची दांडी आणि तिच्या टोकाची खोबण जाऊन पँटोग्राफ, म्हणजे तारेला खालून टेकणारी घडीची चौकट, आला. पण दांडीसाठी टांगलेल्या तारेचे चिमटे आणि चौकातले जोड पँटोग्राफला अडकतात, म्हणून शहरभरची तार मार्गामार्गाने बदलावी लागली. मेलबर्ननेही हा धडा घेतला. तिथल्या ३३ मीटरच्या ई-वर्ग ट्राम जास्त वीज घेतात, आणि २०२२ मध्ये मागवलेल्या १०० जी-वर्ग ट्राम मुद्दाम २५ मीटरच्या ठेवल्या गेल्या.

मेलबर्नचं नाव निघालंच आहे तर तिथला एक आकडा प्रत्येक महापालिकेने भिंतीवर लावावा असा आहे. व्हिक्टोरिया राज्याच्या महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये तपासणी केली. ट्रामपैकी ३८ टक्के सपाट-तळ होत्या. थांब्यांपैकी २७ टक्के समपातळीचे होते. पण सपाट-तळ ट्राम समपातळीच्या थांब्यावर थांबते असा योग २०१८-१९ मध्ये फक्त १५ टक्के फेऱ्यांत जुळून आला. खरी सुगमता ती एवढीच. ऑस्ट्रेलियन नियमांनुसार सगळे थांबे २०२२ अखेर आणि सगळ्या ट्राम २०३२ अखेर सुगम व्हायच्या होत्या. थांब्यांची मुदत आधी ठेवली होती, हा विचार अगदी बरोबर होता. ती पाळली मात्र गेली नाही.

टोरांटोचं चित्र उलट्या बाजूने तसंच आहे. गाड्या आता सगळ्या सपाट-तळ आहेत. स्पाडाइना, सेंट क्लेअर, हार्बरफ्रंट या मार्गांवर ट्रामला वेगळी पट्टी आहे आणि थांब्याला फलाट आहे, तिथे प्रवास सुखाचा होतो. पण क्वीन, डंडास, कॉलेज, कार्लटन या जुन्या रस्त्यांवर ट्राम मधल्या लेनमध्ये थांबते आणि प्रवासी फूटपाथवरून उतरून एक लेन ओलांडतो. ट्रामचं दार उघडलं की मागच्या मोटारीने दारापासून किमान दोन मीटर मागे थांबावं, असा ऑन्टारियोचा कायदा आहे. धडधाकट माणूस ती लेन चार पावलांत पार करतो. व्हीलचेअरवरच्या माणसाला आधी फूटपाथचा उतार शोधावा लागतो. तो बहुधा चौकाच्या कोपऱ्यावर असतो, आणि रॅम्पचं दुसरं दार त्या कोपऱ्यापासून दूर उघडतं. बर्फ पडल्यावर नांगरगाडीने सारलेला ढीग नेमका त्याच उतारावर येऊन बसतो.

टीटीसी दुसरीकडे व्हील-ट्रान्सच्या, म्हणजे दारापर्यंत येणाऱ्या खास गाड्यांच्या, प्रवाशांना शक्य तिथे नेहमीच्या बस, सबवे आणि ट्रामने जा असं सांगू लागलीय. कल्पना चांगली आहे. आधी नोंदणी न करता हवं तेव्हा निघता येणं हेच तर स्वातंत्र्य. पण ज्या थांब्यावर फलाट नाही तिथे त्या माणसाला पाठवणं अन्यायाचं आहे, हे आम्हाला स्पष्ट दिसतं. नव्या गाडीत जुन्या दोन गाड्यांची माणसं मावतात, म्हणून फेऱ्या विरळ करण्याचा मोहही होतो. गाडीत व्हीलचेअरच्या जागा दोनच असल्या, तर विरळ फेरीत चुकलेली एक गाडी म्हणजे उणे दहा अंशात आणखी पंधरा-वीस मिनिटं.

आक्षेप ठरलेले असतात. रस्ते अरुंद आहेत, पार्किंग जाईल, दुकानदार ओरडतील. रॉन्सेसव्हेल्स ॲव्हेन्यूने याला २०११ च्या आसपासच उत्तर दिलं. रूळ नव्याने टाकताना थांब्यांपाशी फूटपाथ रुळांपर्यंत पुढे आणला गेला. सायकलवाट त्याच फलाटावरून चढून उतरते, ट्राम उभी असली की सायकलस्वार थांबतो. किंग स्ट्रीटवर तर २०१७ मध्ये मोटारींची सरळ रहदारीच रोखली आणि २०१९ मध्ये ते कायम केलं. शहराने मनावर घेतलं की रस्ता बदलतो. ‘व्हीलचेअरवाले किती असतात’ हा आक्षेप तर बोलू नये असा. पायरी नको असते ती बाबागाडी ढकलणाऱ्यांना, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांना, बाजाराची ट्रॉली ओढणाऱ्यांना, आणि मुलांकडे सहा महिन्यांसाठी भारतातून गेलेल्या, गुडघ्यांनी जेरीस आलेल्या कितीतरी आजी-आजोबांनाही. मुंबईच्या लोकलमध्ये फलाट आणि डबा यांमधल्या पोकळीत माणसं जायबंदी झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि मग फलाट उंच करायला घेतले. डबे होते तेच राहिले.

फलाट बांधणं म्हणजे नुसता काँक्रीटचा चौथरा टाकणं नव्हे, हेही सांगायला हवं. तो गाडीच्या उंबऱ्याच्या पूर्ण बरोबरीला नेता येत नाही. चाकं झिजतात, गर्दीने स्प्रिंगा दबतात, उंबरा काही सेंटिमीटर खाली येतो, आणि बाहेरच्या अंगाला सरकणाऱ्या दाराची खालची कड फलाटाला घासते. म्हणून थोडं खाली राहून उरलेलं अंतर आखूड पट्टीवर सोडायचं. वळणावर गाडीचा पोटाचा भाग आत आणि नाकाचा भाग बाहेर जातो, म्हणून थांब्याला सरळ रूळ लागतात. चारही दारं सामावतील एवढी सरळ लांबी मिळत नसेल, तर थांबाच सरकवावा. फूटपाथ पुढे आणला की गटाराची जुनी वाट बंद होते, पाणी अडून फलाटाच्या पायथ्याशी गोठतं, तेव्हा जाळीचे चेंबर आधी हलवावे लागतात. या कामाला योग्य वेळ एकच, रूळ उखडलेले असतानाची. काँक्रीटमधले रूळ पाव शतकातून एकदा बदलले जातात. त्या वेळी फलाट राहून गेला की तो थांबा आणखी एक पिढी तसाच राहतो.

मे २०२१ मध्ये आणखी ६० गाड्यांसाठी ५६ कोटी ८० लाख डॉलर जाहीर झाले. केंद्राचे १८ कोटी, प्रांताचे १८ कोटी, उरलेले शहराचे. त्यात हिलक्रेस्टच्या डेपोचं कामही धरलं होतं. गाड्यांसोबत डेपोचा खर्च एकाच ओळीत मांडता येतो, हे यावरून दिसलं. तशीच थांब्यांची ओळ हवी. नव्या गाड्या ज्या मार्गावर जाणार तिथला प्रत्येक थांबा नावानिशी, त्याचं बांधकाम कोणत्या वर्षी, रूळ कधी उखडणार, आणि बर्फ पडल्यावर तो फलाट व त्याकडे जाणारा उतार किती तासांत आणि कोणत्या खात्याने साफ करायचा, हे गाड्यांच्या कंत्राटाला मंजुरी देणाऱ्या त्याच ठरावात लिहिलेलं असावं.